उसाच्या रसाचं समन्यायी उजेडवाटप

रज्जाकभाईच्या रसवंतीला ऐन चैत्रात जी नोटीस चिकटली ती माझ्यामुळे चिकटली, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढं वाचताना माझ्यावर कुठं अन्याय झाला असं वाटायला लागलं, तर वाचकानं मागं येऊन ही ओळ पुन्हा वाचावी. मी स्वतः तसंच करतो.

नगरच्या सावेडीत पाइपलाइन रस्त्याला कडुनिंबाखाली रज्जाकभाईची रसवंती आहे. पत्र्याची शेड, विजेवर चालणारा चरक, चार बाकडी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारी चार वाजता मी तिथं हजर असतो. नोकरीत मी इतका वेळेवर कधी नव्हतो. नोंदी ठेवायची सवय मात्र गेलेली नाही. पूर्वी पाण्याच्या ठेवायचो, आता माणसांच्या ठेवतो. बर्फ नको म्हणणारे दोन प्रकारचे असतात: घसा जपणारे आणि बर्फाच्या जागेत रस बसावा असं वाटणारे. दुसऱ्या प्रकारचे लोक स्वतःला पहिल्या प्रकारात गणतात.

रज्जाकभाईचा एक रिवाज आहे. गिऱ्हाइकाचा ग्लास निम्म्यावर आला की तो न विचारता जग उचलतो आणि चरकाखालचा ताजा रस वरून थोडा ओततो. ही त्याची वरची धार. कचेरीतला साहेब असो की सिमेंटच्या गोण्या उतरवून आलेला हमाल, धार सारखीच. नको म्हणणाऱ्याला तो म्हणतो, "आवो, रिकामा ग्लास बघवत न्हाई मला."

तर फेब्रुवारीत माझं पोट बिघडलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय घेता? मी म्हटलं, काही नाही, फक्त रोज उसाचा रस. ते 'फक्त'वर थांबले आणि रस बंद केला. मी आठवडाभर चारच्या सुमारास घरात येरझाऱ्या घालत होतो. सौ. विजया म्हणाली, "अहो, जाऊन नुसते बसा ना तिथं." नुसतं बसायला मी काय पाहुणा आहे?

त्याच आठवड्यात आमच्या पाणी शुद्ध करायच्या यंत्राची सर्व्हिस करायला माणूस आला. त्यानं एक स्टीलची नळी उघडून दाखवली. आत मधोमध काचेची ट्यूब. तिच्यातून अतिनील किरण निघतात, भोवतीनं पाणी जातं, जंतू मरतात. मी विचारलं, "ट्यूबला लागून जाणाऱ्या पाण्याला भरपूर किरण मिळत असतील. पण नळीच्या कडेकडेनं जाणाऱ्या पाण्याचं काय?"

"काका, लाइट सगळ्यांना मिळतो," तो म्हणाला.

हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकलेलं आहे. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेतं असतात ते नेमकं हेच म्हणतात: पाणी सगळ्यांना मिळतं. तोंडाशी असलेल्यांचं रान पाणी पिऊन पिऊन चिबड होतं, पांढरं पडतं, आणि पाटाच्या शेपटाला असलेल्या माणसाच्या शेतात मातीला भेगा. श्रीरामपूरच्या कचेरीत शेपटाकडच्या लोकांचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. त्यांतल्या किती अर्जांवर मी 'पाहून घ्यावे' लिहून पुढं ढकललं, ती नोंद मात्र ठेवलेली नाही. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात, सहा इंचांच्या नळीत, तोंड आणि शेपूट मला दिसत होतं.

माणूस गेला. मी वहीचं नवं पान सुरू केलं.

पाण्याचं एक वेळ ठीक आहे, त्यातून उजेड आरपार जातो. उसाचा रस गढूळ. त्यात किरण केसभर आत गेले की थकतात. म्हणजे रस ट्यूबभोवतीनं अगदी पातळ थरानं गेला पाहिजे. तेवढ्यानंही भागत नाही. आतला रस बाहेर आणि बाहेरचा आत अशी सारखी पाळी बदलली पाहिजे. ट्यूबच्या काचेवर मळसूत्रासारखी तार गुंडाळली, तर रस गोल गोल फिरत खाली येईल आणि प्रत्येक थेंबाला उजेडाचा सारखा वाटा मिळेल. कमीही नाही आणि जास्तही नाही, कारण जास्त उजेड खाल्लेल्या रसाला जळका वास येतो. जास्त मिळणं हाही अन्यायच, हे खात्यातल्या कुणाला कधी पटलं नव्हतं. मी वहीत मथळा लिहिला: 'उसाच्या रसाचे समन्यायी उजेडवाटप.'

वरच्या मजल्यावरचा अनिमेष कुलकर्णी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. त्याच्याकडे सल्ल्याला वेळ असतो. तो म्हणाला, "काका, उघडी ट्यूब बघू नका, डोळे जातील." हा सल्ला चांगला होता आणि मी पाळला. दुसरा सल्ला असा की यंत्राला मोबाईल जोडावा, म्हणजे पुण्यात बसून नगरचा रस बघता येईल. पुण्यात बसून नगरचा रस कुणाला बघायचा आहे, हे त्याला सांगता आलं नाही. तळमजल्यावरच्यांनी सुचवलं की रस परातीत घालून उन्हात ठेवावा, उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि ट्यूबही लागत नाही. मी माशांचा मुद्दा काढला. ते म्हणाले, माशांवर जाळी. माणूस एकदा सल्ला द्यायला लागला की जाळीपाशीसुद्धा थांबत नाही.

एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून हातभर लांबीचं यंत्र करून घेतलं. स्टीलची नळी, आत ट्यूब, वर नरसाळं, खाली तोटी. ट्यूब चालू आहे हे कळावं म्हणून तोटीजवळ जाड काचेची छोटी खिडकी. तार तेवढी मी स्वतः गुंडाळली, आणि ती लोखंडी होती. पहिल्या दिवशी रज्जाकभाईनं वरून रस ओतला तो हिरवा, आणि खालून आला तो काळपट. बाकड्यावरचे तिघेजण उठून उभे राहिले.

"भाऊसाहेब," रज्जाकभाई हळूच म्हणाला, "जंतू मेले हे दिसतंय. पन गिऱ्हाईक बी गेलं."

तार स्टीलची केली. मग चोथ्याचे तंतू अडकून नळी तुंबली. रस गाळायला विजयाच्या एका सुती साडीचा पदर वापरला, तिला ती साडी जुनी वाटत नव्हती हे मला नंतर कळलं. सगळं जमल्यावर रस निघाला, उत्तम निघाला, फक्त एक ग्लास भरायला नऊ मिनिटं लागायची. नऊ मिनिटांत गिऱ्हाईक घरी जाऊन पाणी पिऊन येतं. खिडकीतून निळा उजेड दिसायचा. मिठाईच्या दुकानात माशा मारायला तसा दिवा लावतात. एका बाईनं विचारलंच, "दादा, रसात माशा मारता का?"

रज्जाकभाईची बायको मेहताबभाभी ऊस सोलायला बसते. सोनईकडचा ऊस येतो, त्याच्या पेऱ्यांमधली माती ती कोयत्याच्या टोकानं काढत असते. ती मान वर न करता म्हणाली, "भाऊसाहेब, चरकातल्या ऊस पिळायच्या लाटा रोज उकळत्या पान्यानं धुवाव्यात असं मी धा वर्सं सांगते. ह्यांना येळ न्हाई. तुमच्या नळीला नऊ मिंटं हायेत."

मी हसलो. शास्त्रीय कामात असं घरगुती बोलणं मधे येतच असतं.

आता ज्या भागात मी दोषी आहे तो भाग. मला वाटलं, ही सोय शहरातल्या सगळ्या रसवंत्यांना मिळावी. आणि खरं सांगायचं तर, ती कुणामुळे मिळाली हेही कळावं. खाद्यपेयांवर देखरेख करणारी एक कचेरी आहे. नाव लिहीत नाही, माझी पेन्शन चालू आहे. तिथं आता हाती अर्ज घेत नाहीत, मोबाईलवर ॲप आहे. ॲपवर 'विषय निवडा' अशी यादी आली: तुंबलेले गटार, मोकाट जनावरे, अस्वच्छ खाद्य वा पेय, इतर. मला 'सूचना' हवी होती, किंवा 'शोध', निदान 'अभिनंदन'. 'इतर' दाबलं की ॲप बंद पडायचं. चौथ्यांदा बंद पडल्यावर मी त्यातल्या त्यात जवळचा विषय दाबला: अस्वच्छ खाद्य वा पेय. खाली तपशिलात सगळं नीट लिहिलं: रज्जाकभाईची रसवंती, पाइपलाइन रस्ता, तिथल्या रसात जंतू असणं शास्त्रीयदृष्ट्या संभवतं, त्यावर मी उपाय केला आहे, येऊन पाहावं. तपशिलाला शंभर अक्षरांची मर्यादा होती. 'संभवतं'च्या पुढचं ॲपनं घेतलं नाही.

ते मला तिथंच दिसलं होतं. पण येणारा माणूस यंत्र बघेलच, असं मी स्वतःला सांगितलं आणि 'पाठवा' दाबलं.

पाचव्या दिवशी शेडच्या खांबावर नोटीस. 'प्राप्त तक्रारीच्या अनुषंगाने रसविक्री तात्काळ बंद ठेवावी. प्रयोगशाळेचा समाधानकारक अहवाल येईपर्यंत परवाना स्थगित.' चरकाला सुतळी बांधून लाखेचं सील. रज्जाकभाई बाकड्यावर बसला होता. बाकड्यावर बसलेलं मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं.

"चार म्हैन्याचा धंदा हाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "पाऊस पडला की रस कोन पितं? ह्या चार म्हैन्यावर वरीस काढायचं. कोन मेल्यानं तक्रार केली काय म्हाईत."

मी म्हणालो, "लोक असतात एकेक."

इतकं खरं वाक्य मी इतक्या खोटेपणानं कधी बोललो नव्हतो. त्या दिवसापासून मी वेगवेगळ्या खिडक्यांवर उभा राहायला लागलो. प्रायश्चित्त करायला पूर्वी नदीवर जायचे, आता खिडकीवर जातात. चौथ्या खिडकीवर निरीक्षक भेटले, गहिनीनाथ बोरुडे. चाळिशीचे, शांत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. ते म्हणाले, "यंत्र आहे म्हणता? मग यंत्रातून निघालेल्या रसाचाच नमुना घेतो. पास झाला तर परवाना चालू, आणि वर यंत्राची शिफारसही करतो."

मी बस न पकडता घरी चालत आलो. पाय जमिनीला लागत नव्हते.

नमुन्याच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. विजयाला बरोबर नेलं, फोटो काढायला. सील काढलं, चरक चालू झाला, नऊ मिनिटं आम्ही सगळे तोटीकडे बघत उभे राहिलो. बोरुडेसाहेबांनी निर्जंतुक बाटली धरली, गळ्याखाली बोटभर जागा राखून भरली. झाकण लावण्याआधी चिठ्ठी लिहायला ते क्षणभर बाकड्याकडे वळले. तेवढ्यात मी यंत्रावर हात ठेवून विजयाकडे बघितलं. ती म्हणाली, "पोट आत घ्या." फोटो निघाला.

आठ दिवसांनी अहवाल आला: नापास. जंतूंचा आकडा असा की बोरुडेसाहेबांनी तो मला वाचून दाखवला नाही, कागदच फिरवला.

मी दोन दिवस वहीत डोकं घालून बसलो. थराची जाडी बरोबर, वेग बरोबर, ट्यूब नवी. शेवटी विजयानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "हे बघा. मागं."

फोटोत पुढं मी, पोट आत घेतलेला. आणि माझ्या खांद्यामागं रज्जाकभाई, हातात जग, चरकाखालचा ताजा रस बाटलीत वरून ओततोय.

मी धावत गेलो. "रज्जाकभाई, बाटलीत रस ओतलास?"

"मंग? बोटभर कमी हुती की," तो म्हणाला. "मोठा सायेब दारात आलाय, त्याला काय अर्धी बाटली देऊन पाठवू? माझ्या हातनं न्हाई हुनार तसं."

नऊ मिनिटं एकेका थेंबाला उजेड वाटला, आणि वरून निमिषात घातली धार! पण मला त्याच्यावर चिडता येईना. वाटपात कुणाला कमी पडू नये एवढंच तो बघत होता. माझाही मथळा तोच होता.

मग फेरनमुन्याचा अर्ज. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "परवानाधारकाची सही आहे. आता तक्रारदाराची हरकत नाही म्हणून सही आणा. इथं, या चौकटीत."

रज्जाकभाई माझ्या शेजारी उभा होता. मी म्हणालो, "तक्रारदार कुठं सापडणार? द्या इकडे, मी बघतो काही ओळख निघते का."

"बघा," रज्जाकभाई म्हणाला आणि फरशीकडे बघत राहिला.

घरी जाऊन मी चौकटीत सही केली. विजयानं विचारलं, "दुसऱ्याची सही तुम्ही का करताय?" मी म्हटलं, "माझीच आहे." तिनं सगळं काढून घेतलं. ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाली, "त्याला सांगितलंत?" मी म्हणालो, "अहवाल पास झाला की सांगतो. तेव्हा हलकं जाईल." ती म्हणाली, "तुम्हाला हलकं जाईल."

दुसऱ्या नमुन्याच्या आदल्या दिवशी बोरुडेसाहेबांनी सफाईसाठी सील काढून दिलं आणि मेहताबभाभीनं शेडचा ताबा घेतला. चरकाच्या लाटा उघडवल्या, दोन हंडे पाणी उकळवलं, दातऱ्या ब्रशनं घासल्या. दहा वर्षांचा चोथा काळ्या खरवडीसारखा निघाला. जग उकळला, ऊस दोनदा धुतला, पेरं नि पेरं खरवडलं. रज्जाकभाईला तिनं सांगितलं, "उंद्या तुमी हात मागं बांधून हुभं ऱ्हायचं. जगाला शिवला तर मीच नोटीस लावीन." मीही यंत्र पुसलं. तिनं विचारलं, "ते लागतंयच का, भाऊसाहेब?" मी म्हणालो, भाभी, मुख्य तर तेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला, विजयाला पुन्हा फोटोला नेलं, आणि नमुना बिनघोर पार पडला. रज्जाकभाई हात मागं घेऊन सावधान उभा. बाटली बोटभर रिकामी राहिली, त्यानं डोळे मिटून घेतले. बोरुडेसाहेब झाकण लावून, चरकाला पुन्हा सील करून निघून गेले. मी यंत्र बंद करायला वाकलो, आणि यंत्राची पिन बोर्डात नव्हतीच. ती बाकड्याच्या पायाशी लोंबत होती. भर उन्हात त्या खिडकीतला निळा उजेड तसाही दिसत नाही, आणि फोटोच्या नादात मी तिकडे बघितलंही नव्हतं. रस यंत्रातून आला होता खरा, पण अंधारातून आला होता.

मी पिन उचलली, पुसली, आणि खिशात घालण्यासारखी नसल्यामुळे परत खाली ठेवली.

पुढचे आठ दिवस मी जे मनात केलं त्याची नोंद इथं करणं भाग आहे. अहवाल नापास आला तर रज्जाकभाईचा हंगाम बुडाला, आणि तक्रार माझी. पास आला तर उकळत्या पाण्याचे दोन हंडे पुरे होते, आणि दोन महिने, एक साडी आणि माझी सगळी वही यांचा काही उपयोग नव्हता. दोघांपैकी एकच पास होणार, रज्जाकभाई किंवा माझी वही. अशा वेळी सभ्य माणसानं काय इच्छा करावी, हे सांगायला नको. पण पहिल्या दिवशी मी ती इच्छा केली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केली नाही. दुपारी चारला मी शेडपाशी गेलो. सील लावलेला चरक, आणि रज्जाकभाई रिकामे ग्लास फडक्यानं पुसतोय. बंद रसवंतीत तो रोज येऊन सगळे ग्लास पुसायचा. मला बघून त्यानं बाकडं झाडलं. "बसा, भाऊसाहेब." त्यानंतर मी योग्य ती इच्छा केली. पण दीड दिवस उशीर झाला तो झालाच.

अहवाल पास आला, काठावरचा नव्हे, चांगला ठणठणीत. बोरुडेसाहेबांनी स्वतः फोन केला. "निसळसाहेब, अभिनंदन! शिफारशीचा कागद तयार आहे. शहरातल्या सगळ्या रसवंत्यांना हे यंत्र सक्तीचं करावं, असं लिहिलंय. तुमच्या नावानिशी. उद्या परवानाधारकाला घेऊन या."

माझ्या नावानिशी! बत्तीस वर्षांत माझं नाव सरकारी कागदावर आलं ते फक्त 'सदर कर्मचारी' म्हणून. मी तसाच उठून रसवंतीवर गेलो. मेहताबभाभी रडत हसत होती. मी रज्जाकभाईला बाजूला, कडुनिंबाखाली नेलं.

"रज्जाकभाई, दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे नमुन्याच्या दिवशी यंत्र बंद होतं."

"व्हय," तो म्हणाला. "पिन मीच काढली. सकाळी चरक लावला तर लाइटीचं मेन बटन सारखं धाडदिशी पडायचं. लाइट कमी येत हुती, चरक न् तुमची ट्यूब दोन्ही ओढंना. म्हनलं, नमुन्याला आधी रस तर निघाला पायजेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी इस्त्रीचा शर्ट घातला हुता," तो म्हणाला.

कडुनिंबाच्या खोडावर मुंग्या चालल्या होत्या, रांगेत, आमचं बोलणं ऐकू येत नसल्यासारख्या.

"आणि दुसरी गोष्ट," मी म्हणालो. "ती तक्रार…"

"नोटिशीला दुसरा कागद हुता. खांबावर त्यांनी पैलाच लावला. दुसरा माझ्या हातात दिला. तक्रारदार, श्री. दत्तोपंत निसळ. मेहताबनं वाचला."

म्हणजे 'कोन मेल्यानं' म्हणाला तेव्हा त्याला माहीत होतं. खिडकीवर फरशीकडे बघत उभा होता तेव्हाही. रोज चारला बाकडं झाडायचा तेव्हाही.

"मग एक शब्द बोलला नाहीस?"

"बोलून काय? तुमी वाईटाला केलं नसनार, एवढं म्हाईत हुतं. राग लई आला. मेहताबला तर तुमची ती नळी रस्त्यावर फेकायची हुती." तो थांबला. "पन तुमी रोज येत हुते ना, भाऊसाहेब. तक्रार करून येत हुते. म्हनलं, आज सांगतील, उंद्या सांगतील."

त्या बाकड्यावर बसून मी पत्र लिहिलं. नमुन्याच्या वेळी यंत्र बंद होतं. रस शुद्ध निघाला तो केवळ स्वच्छतेमुळे. ती स्वच्छता सौ. मेहताब यांनी केली. यंत्राची शिफारस करू नये. खाली सही केली. रज्जाकभाईनं पेन मागितलं. मी म्हणालो, "तुझी सही नको. यंत्रातला म्हणून घेतलेला नमुना, उद्या परवानाच अडकवतील. माझं मी निस्तरतो."

"पिन कुनी काढली?" तो म्हणाला आणि माझ्या सहीखाली सही केली, मोठी, कागदाच्या कडेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बोरुडेसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. एकदा आमच्याकडे बघून, एकदा न बघता. रज्जाकभाई टेबलापासून दोन हात लांब उभा होता.

"अहवाल रसाचा आहे," साहेब शेवटी म्हणाले. "यंत्राचा नाही. रस शुद्ध आहे, परवाना चालू. पण लाटा रोज धुतल्या जातात का ते बघायला मी येणार, न सांगता." रज्जाकभाईनं हात जोडले. साहेबांनी चष्मा काढला. "पण निसळसाहेब, हे पत्र कशाला दिलंत? तुमचं नाव झालं असतं. कुणालाच कळलं नसतं."

मी बोलायच्या आधी रज्जाकभाईच म्हणाला, "यांना कळलं हुतं की, सायेब. रोज येऊन समोर बसायचे. बघवत नव्हतं."

साहेबांनी शिफारशीचा कागद पुढं ओढला, पट्टी ठेवली आणि माझ्या नावासकट यंत्राच्या शिफारशीवरून सरळ रेघ मारली. सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिच्या शेजारी संबंधितानं सही करायची असते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खाडाखोडीवर सह्या घेतल्या. साहेबांनी खिशातलं मधलं पेन काढून माझ्या हातात दिलं, मी वाकलो, आणि रेघेच्या शेजारी, जेवढी जागा होती तेवढ्यात, नीट सही केली.